गाडीत बसलेल्या सासूबाई

ताई, नमस्कार.

आमच्याकडे दर नाताळच्या सुट्टीत, २५ डिसेंबरला, घरातल्या सगळ्यांनी मिळून एक गड चढायचा अशी पद्धत आहे. सासऱ्यांनी २००६ साली सुरू केली. ते होते तोवर मजा यायची. वर पोचलं की ते स्वतः पेरू कापून, तिखट-मीठ लावून एकेकाच्या हातात द्यायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता मिस्टरांचा हट्ट असतो की काही झालं तरी खंड पडता कामा नये. गेल्या वर्षी राजगड ठरला. कोथरूडहून निघायलाच दहा वाजले, हायवेला गाड्यांची रांग, पायथ्याला पोचलो साडेबाराला. उतरताना अंधार झाला, जाऊबाईंचा पाय मुरगळला, दीर आणि मिस्टर सगळ्यांदेखत भांडले. माझा चौदा वर्षांचा मुलगा दिवसभर कानात बोळे घालून चालत होता. (सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या खाली गाडीतच होत्या.) मी पहाटे साडेतीनला उठून चाळीस धपाटे केले होते, त्यातले पंधरा परत आले. यंदा दीर म्हणतात सरळ रिसॉर्टला जाऊ. मिस्टर म्हणतात, मग मी एकटा जाईन. खरं सांगू का, डिसेंबर जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. ही पद्धत बंद करावी का?

– अ. का., पुणे

प्रिय अ. का.,

तुमच्या पत्रात मिस्टरांबद्दल भरपूर आहे, मुलाबद्दल आहे, धपाट्यांची तर मोजदाद आहे. आणि सासूबाई कंसात आहेत. मी आधी त्या कंसापाशीच थांबले. साडेबाराला तुम्ही पायथ्याला पोचलात आणि अंधार पडल्यावर उतरलात. म्हणजे सहा-साडेसहा तास ती बाई गाडीत बसून होती. ज्यांच्या नवऱ्याने ही पद्धत सुरू केली, त्यांनी तो दिवस पार्किंगमध्ये, काच अर्धी खाली करून, थर्मासमधला गार झालेला चहा पीत काढला. बाथरूमला कुठे गेल्या असतील, हे तुमच्या घरात कुणी विचारलं का? रागावू नका, मी हे तुम्हाला एकटीला विचारत नाहीये. पाच-सहा शहाण्यासुरत्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, इतकं त्या गडाचं ओझं झालंय.

आता माझं थोडं ऐका. मी निलंगा तालुक्यातली. आमच्या लातूरकडे मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या असते, बोलताना आम्ही येळवस म्हणतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येते. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात, कारण सगळे शेतात. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले बोलावून नेतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून त्यांची पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, आंबील, खीर असं दणकून जेवायचं. भज्जी म्हणजे तुमची कांदाभजी नव्हे बरं. मोसमातले ओले दाणे, शेंगा, पालेभाज्या असं जे जे मिळेल ते बेसनात शिजवलेलं दाट कालवण. आदल्या रात्रीपासून घराघरात त्याचा वास सुटलेला असतो.

माझ्या आजीला शेवटची सात-आठ वर्षं चालता येत नव्हतं. तिला बैलगाडीतून आणायचे आणि कोपीच्या तोंडाशी पोत्यावर बसवायचे. आंबिलीचं मडकं तिच्या ताब्यात. कुणी विहिरीकडे जायचं, कुणी चिंचेला झोका बांधायचं, बापये बांधाबांधाने गव्हा-हरभऱ्याची पाहणी करत पार दुसऱ्याच्या शेतात पोचायचे, पोरं तर दुपारपर्यंत दिसायचीच नाहीत. पण तहान लागली की प्रत्येकाला आजीसमोर येऊन वाकावं लागायचं. ती पेला हातात देताना विचारायची, कुठं उंडारत होतास? आणि ज्याचं त्याने सांगायचं. संध्याकाळपर्यंत साऱ्या शिवाराची बातमी तिच्याकडे असायची, जागेवरून न हलता.

तुमच्या गडाच्या पद्धतीत ही कोपच नाही. सगळ्यांनी एका रांगेत, एका वेगाने, एकाच ठिकाणी पोचायचं, आणि ज्याला जमत नाही तो गाडीत. सासरे होते तेव्हा ते स्वतःच तुमची कोप होते. ते जिथे पेरू कापायला बसत तिथे सगळे गोळा व्हायचे. ते गेले, गड तेवढा राहिला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: बंद करू नका, पण २५ डिसेंबर आणि गड या दोन्ही गोष्टी सोडून द्या. आधी सासूबाईंना आरामात दिवस काढता येईल अशी जागा ठरवा. बाकीचे तिथून पांगतील आणि तिथेच परत येतील.

तारखेचं आधी सांगते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. नाताळ ते एकतीस डिसेंबर या आठवड्यात पुण्याबाहेर पडणारा प्रत्येक रस्ता तुंबलेला असतो. सिंहगड, लोणावळा, महाबळेश्वर कुठेही जा, गाडीतच दिवस जातो. जानेवारीतला दुसरा-तिसरा रविवार घ्या. थंडी तितकीच असते, गर्दी निम्म्याहून कमी. मुलगा चौदाचा म्हणजे नववीत असावा. पुढच्या वर्षी दहावीची पूर्वपरीक्षा आली की जानेवारी हातचा जाणार, म्हणून यंदाच हा बदल करून टाका.

आणि जानेवारी म्हणण्याला दुसरं कारण आहे, ते म्हणजे हुरडा. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, कणसात दाणा भरून कोवळा हिरवा राहतो तो साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून पुढे. २५ तारखेला बऱ्याच ठिकाणी तो नीट तयारही नसतो आणि मग गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून कसलीही कणसं भाजून देतात. शेतवाल्याला आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: वाण कोणता, आणि आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा विस्तवाचा खड्डा, पेटते का. गूळभेंडी किंवा सुरती म्हणाला तर उत्तम. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी काढलेले फुले उत्तरा, फुले मधुर हेही चांगले. 'सगळं आहे मॅडम, डीजे पण आहे' असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. आम्ही एकदा अशाच एका ठिकाणी गेलो होतो. हुरडा स्टीलच्या ताटलीत आला, गार, चमच्यासकट. फ्रिजमधला होता. शेजारी रेन डान्स चालू होता आणि माझे यजमान शेव घालून तो हुरडा खात होते, कारण पैसे भरले होते.

खरा हुरडा आगटीभोवतीच खायचा असतो. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, कणसं देठाने धरून आत खुपसलेली. वरून काळपट झाली की भाजणारा बाहेर काढतो आणि तशीच गरम तळहातात घेऊन चोळतो. हात भाजतो म्हणून तो मध्येच फुंकर मारतो, त्या फुंकरीबरोबर कोंडा उडतो आणि हिरवे मऊ दाणे हातात उरतात. ते तुमच्या ओंजळीत पडतात तेव्हा वाफ येत असते. वर लसणाची चटणी, एखादा गुळाचा खडा, जमलं तर घट्ट दही. एक ओंजळ संपेपर्यंत दुसरं कणीस तयार नसतं, हे त्यातलं खरं सुख. घाई करताच येत नाही. वाट बघत बसावं लागतं आणि बसलं की माणसं बोलतात. मोबाईलला हात लावता येत नाही कारण बोटं काळी झालेली असतात. हे मी काही शिकवणीसाठी सांगत नाहीये, खरंच तसं होतं. सासूबाईंसाठी मात्र घरून एक पाठीची खुर्ची न्या. तिथे बाज किंवा सतरंजी असते, आणि गुडघे गेलेल्या माणसाला बाजेवरून उठणं हे गडाहून अवघड.

जागा कुठली? तुमच्यासाठी मला भिगवण सुचतं. पुण्याहून सोलापूर हायवेने साधारण शंभर किलोमीटर, घाट नाही, रस्ता सरळ. उजनी धरणाच्या मागच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. कुंभारगावातून तिथले मच्छीमारच होडीतून दाखवायला नेतात. पट्टकदंबही दिसतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हे हंस हिमालय ओलांडून येतात. तुमच्या मिस्टरांना गडाखेरीज काही दमदार दिसत नसेल तर त्यांना हे सांगा. पहाटे साडेपाचला निघा, आठच्या आत पाण्यावर असा. ऊन चढलं की पक्षी लांब जातात आणि फोटोत नुसते ठिपके येतात. दहाला काठावर परत या, ज्यांना चालतं त्यांनी तळलेली चिलापी खावी, आणि मग दौंड-इंदापूरच्या बाजूला जिथे हुरडा ठरवलाय तिथे संध्याकाळपर्यंत मुक्काम.

सासूबाईंना होडीत बसायचं असेल तर काठ चिखलाचा असतो, पाय टाकायला प्लास्टिकचं स्टूल आणि दोन्ही बाजूंनी दोन हात लागतील. नसेल बसायचं तर आग्रह करू नका, काठावरूनही पुष्कळ दिसतं. पण जो बसेल त्याने लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी हलू द्यायची नाही. २०२४ च्या मे महिन्यात याच उजनीत, कळाशी-कुगावच्या बाजूला, वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा माणसं गेली. हिवाळ्यात पाणी शांत असतं हे खरं, तरी जॅकेट नसेल तर दुसरी होडी बघा. 'काही होत नाही ओ' म्हणणाऱ्या होडीवाल्याशी वाद घालत बसू नका.

आता तुमच्या धपाट्यांकडे येते. चाळीस धपाटे, पहाटे साडेतीन, एकटी. तुमच्या पोटात जो गोळा येतो ना, तो मला वाटतं या परातीतलाच आहे. ज्या सुट्टीच्या आदल्या रात्री घरातली एक बाई झोपत नाही, ती सुट्टी तिच्यापुरती सुट्टी नसते, हे मी गेली कित्येक वर्षं या सदरात वेगवेगळ्या शब्दांत लिहीत आलेय. यंदा डबा न्यायचाच नाही. हुरड्याच्या ठिकाणी पिठलं-भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी मिळते, तीच जेवायची. सकाळच्या चहाला दिरांनी यवत-चौफुल्याला गाडी थांबवावी. पाणी आणि गाडीतलं सामान मिस्टरांकडे, चटणी आणि दही जाऊबाईंकडे. तुमच्याकडे काय? तुमच्याकडे काहीच नाही. पहिल्या वर्षी हात रिकामे ठेवायला फार जड जाईल, 'थोड्या दशम्या करून घेऊ का' असं दहादा मनात येईल. करू नका. एकदा केल्या की पुढच्या वर्षीही त्या तुमच्याच.

मुलाचं मला फारसं काळजीचं वाटत नाही. चौदाव्या वर्षी आईबापांबरोबर गड चढताना कानात काही घालावंसं वाटणं हे प्रकृती ठीक असल्याचं लक्षण आहे. त्याला एक मित्र बरोबर आणू द्या. दोन पोरं असली की त्यांचं त्यांचं चालतं आणि घरच्यांशीही बरी वागतात. आणि त्याला काहीतरी खरं काम द्या, शोभेचं नको. सगळ्यांना पहाटे उठवून साडेपाचला गाडी हलवण्याची जबाबदारी त्याची. गेल्या वर्षी दहाला निघालात, म्हणजे मोठ्यांना ती जमत नाही हे सिद्ध झालंच आहे.

फोन त्याच्याकडून काढून घेऊ नका, संध्याकाळी तो लागणार आहे. अमावास्येच्या आसपासचा रविवार निवडलात तर सात-साडेसातला शेतात गडद अंधार असतो. पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं, मधले तीन तारे एका ओळीत, त्यांच्या रोखाने खाली बघितलं की लखलखता व्याध. मुलगा फोन आकाशाकडे धरून नावं वाचेल. पण सासूबाईंना विचारा. माझी आजी त्या तीन ताऱ्यांना तिकांडं म्हणायची आणि त्यावरून रात्र किती झाली ते सांगायची. तुमच्या सासूबाईंकडेही असं काहीतरी असणार. अमावास्येला बाहेर पडायला त्या का-कू करत असतील तर सांगा, अख्खा लातूर जिल्हा अमावास्येलाच घराबाहेर असतो आणि जेवून सुखरूप परत येतो.

थंडीबद्दल एकच. जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी एकला तीसच्या घरात, असा आपल्याकडचा हिवाळा. एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला, चढत्या उन्हाबरोबर काढता येतात. आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचं राहतं, मग संध्याकाळी सगळ्यांची डोकी धरतात आणि भांडणं तिथून सुरू होतात. तुमच्या दिरा-नवऱ्याचं भांडण किती वाजता झालं, आठवून बघा.

राहिले मिस्टर. 'खंड पडता कामा नये' हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. वडील गेल्यावर माणसं असं काहीतरी घट्ट धरतात. कुणी वडिलांचं घड्याळ वापरतं, कुणी त्यांच्या बँकेचं खातं बंद करत नाही. तुमचे मिस्टर २५ डिसेंबर धरून बसलेत. त्यांच्याशी 'गड नको' इथून बोलायला सुरुवात केलीत तर त्यांना ऐकू येईल 'बाबा नकोत'. म्हणून सुरुवात दुसरीकडून करा. एखाद्या रात्री जेवणं झाल्यावर सगळे बसलेले असताना एवढंच विचारा की या इतक्या वर्षांतलं कुणाला काय आठवतं. पैजेवर सांगते, बालेकिल्ला कुणालाही आठवणार नाही. कुणाची चप्पल तुटलेली आठवेल, कुणाला माकडाने बिस्किटं पळवलेली. आणि पेरू सगळ्यांना आठवतील. मग सासूबाईंकडे वळून विचारा, आई, तुम्हाला यंदा कुठे जायला आवडेल? हा प्रश्न तुमच्या मिस्टरांसमोर विचारायचा, त्यांच्या पाठीमागे नाही. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागेल. सवय नसेल.

राजगड मिस्टरांनी सोडायचं कारण नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारी दीर आणि मुलाला घेऊन त्यांनी खुशाल जावं. पहाटे पाचला पुणे सोडावं, पाली दरवाजाच्या पायऱ्यांच्या वाटेने चढावं, दुपारी एक-दीडला खाली असावं. रायगडाच्या आधी पंचवीस-सव्वीस वर्षं महाराजांची राजधानी असलेला हा गड आता, २०२५ पासून, जागतिक वारसा यादीत आहे. तो दुपारी साडेतीनला धापा टाकत पोचून पाच मिनिटांत बघायचा नसतो. गुंजवण्याकडची चोर दरवाजाची वाट उभी आहे, ती पोरांना आवडते, पण उतरायला अंधारात कधीच घेऊ नका. वर शेकोटी, धूर, अंगावर अत्तर, आरडाओरडा यातलं काही नको. कड्यांना आग्या मोहोळं असतात. तुम्हाला जायचं असेल तर तुम्हीही जा. फक्त डबा उचलायला म्हणून जाऊ नका.

दिरांचं रिसॉर्टचं म्हणणं मी सरसकट मोडीत काढणार नाही. त्यांना बहुधा एवढंच म्हणायचंय की एक दिवस धड बसायला मिळू दे. हुरड्याच्या शेतावर ते मिळेल. तरी त्यांनी नाक मुरडलं तर पुढच्या वर्षीची जागा त्यांनी ठरवावी, अट एकच, जी तुम्हाला वर सांगितली तीच. सासूबाई गाडीत राहता कामा नयेत.

आणि सासरे पेरू कापायचे तो चाकू कुठे आहे, ते सासूबाईंना विचारून ठेवा. त्यांनी नक्की जपून ठेवला असेल. तिखट-मीठ एका छोट्या बाटलीत भरा. पेरू मात्र आदल्या संध्याकाळी मंडईतून मिस्टरांनी स्वतः निवडून आणावेत, अर्धे कच्चे बघून, आणि फ्रिजमध्ये ठेवू नयेत.